उतारावर हौसेखातर वापरायच्या आखूड स्की : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी-शिक्षणानिमित्त युरोपात, अमेरिकेत, कॅनडात किंवा आखाती देशांत राहणारी अनेक मराठी कुटुंबे हिवाळ्यात एखाद-दुसऱ्या वेळी बर्फाच्या उतारावर जातात. तिथे भाड्याच्या दुकानात कमरेएवढ्या उंचीच्या स्कीची जोडी दिसली की ती घ्यावी का, असा प्रश्न पडतो. पुढील उत्तरे मुख्यत्वे अशा वाचकांसाठी लिहिली आहेत. या स्कींवर मिळणारा आनंद अस्सल असतो आणि तो थोड्या सरावात मिळतो, यात शंका नाही. मात्र पाय कोणत्या प्रकारच्या बायंडिंगमध्ये, म्हणजे बूट स्कीला जोडून धरणाऱ्या पकडीत, अडकणार आहे, हे पाहिल्याशिवाय त्या पायात घालू नयेत, असे माझे ठाम मत आहे. म्हणून खालील उत्तरांत या एका मुद्द्याला इतरांपेक्षा अधिक जागा दिली आहे.

किती लांबीच्या स्कीला आखूड म्हणायचे?

प्रौढ व्यक्तीची उतारावरची नेहमीची स्की उभी धरली तर साधारण हनुवटीपासून कपाळापर्यंत येते, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत ती १५० ते १८० सेंटिमीटरच्या दरम्यान असते. आखूड स्की साधारण ७५ ते १३० सेंटिमीटरच्या असतात आणि त्यांतल्याही ९० ते १०० सेंटिमीटरच्या जोड्या सर्वाधिक प्रचलित आहेत. दुकानांत त्यांना स्कीबोर्ड, स्नोब्लेड, बिगफूट किंवा नुसतेच मिनी स्की म्हटले जाते. यांपैकी स्नोब्लेड आणि बिगफूट ही मुळात विशिष्ट कंपन्यांच्या मालाची नावे होती, पण आज दुकानदार कोणत्याही आखूड जोडीला ती सर्रास लावतात. त्यामुळे नावावरून लांबीचा, रुंदीचा किंवा बायंडिंगचा अंदाज बांधू नये.

मग लहान मुलांची ९० सेंटिमीटरची स्की मोठ्या माणसाने वापरली तर चालेल का?

चालणार नाही. मुलांची स्की अरुंद आणि लवचीक असते, कारण ती पंधरा-वीस किलो वजनाच्या शरीराने वाकावी अशा बेताने केलेली असते. प्रौढांची आखूड स्की तेवढ्याच लांबीची असली तरी बरीच रुंद आणि ताठ असते. मुलांच्या स्कीवर मोठा माणूस उभा राहिला तर ती मधोमध वाकते आणि कडा बर्फात धरत नाही. शिवाय तिच्यावरचे बायंडिंगही हलक्या वजनासाठीच केलेले असते.

या प्रकाराची सुरुवात कुठे झाली?

ती एका ठिकाणी झाली नाही. ऑस्ट्रियातील तिरोल प्रांतात फिर्नग्लायटर नावाची साधारण अर्ध्या ते पाऊण मीटरची साधने गिर्यारोहक फार पूर्वीपासून वापरत आले आहेत. वसंत ऋतूत दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठणारा दाणेदार बर्फ उतारावर असतो. शिखर चढून गेल्यावर गिर्यारोहणाच्या साध्या बुटांनाच ही साधने बांधायची आणि त्या बर्फावरून घसरत खाली यायचे, अशी ती पद्धत आहे. इन्सब्रुक शहराच्या माथ्यावरील नॉर्डकेटे पर्वतरांगेत हा प्रकार आजही चालतो.

दुसरा प्रवाह अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात उगम पावला. क्लिफ टेलर या प्रशिक्षकाने १९६० च्या दशकात नवशिक्यांना प्रथम अगदी आखूड स्की द्याव्यात आणि जसजसा तोल साधेल तसतशी लांबी वाढवत न्यावी, या पद्धतीचा जोमाने प्रसार केला. त्या काळात दोन मीटर किंवा त्याहूनही लांब स्की वापरणे हे कौशल्याचे लक्षण मानले जात असे आणि नवख्या माणसालाही तशाच अवजड जोडीवर उभे केले जाई, हे लक्षात घेतले म्हणजे टेलर यांच्या विचारातील धाडस कळते. किलिंग्टन येथील स्की-शाळेने ही पद्धत स्वीकारली आणि पुढे अमेरिकेतील अनेक स्की-शाळांत ती रूढ झाली.

निव्वळ मजेसाठी केलेली आखूड स्की ही त्यानंतरची. १९९० च्या दशकाच्या आरंभी ऑस्ट्रियाच्या क्नाइस्ल कंपनीने बिगफूट बाजारात आणली. तिची लांबी पाऊण मीटरपेक्षाही कमी होती आणि तिच्या पुढच्या टोकाला पायाच्या बोटांचा आकार दिलेला होता. १९९५ मध्ये जेसन लेव्हिन्थाल या अमेरिकी तरुणाने लाइन ही कंपनी सुरू केली, आणि तिचा पहिला माल म्हणजे दोन्ही टोके वर वळलेले स्कीबोर्डच होते. त्याच दशकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या सालोमाँ कंपनीने स्नोब्लेड आणली आणि हा प्रकार आल्प्सपासून जपानपर्यंत भाड्याच्या दुकानांत पोहोचला. १९९८ ते २००० या तीनही वर्षी विंटर एक्स गेम्स या हिवाळी साहसी खेळांच्या स्पर्धांमध्ये स्कीबोर्डिंगची स्वतंत्र स्पर्धाही झाली.

इतकी लोकप्रिय झालेली गोष्ट मागे का पडली?

याची दोन मुख्य कारणे आहेत आणि दोन्ही स्कीच्या घडणीतील बदलांशी निगडित आहेत. स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने १९९३ मध्ये मध्यभागी अरुंद आणि टोकांना रुंद अशी खोल वक्रतेची स्की बाजारात आणली. पाठोपाठ सगळ्यांनीच तो आकार उचलला आणि नेहमीच्या स्कीची लांबीही हळूहळू कमी होत गेली. वळणे घेणे सोपे झाल्यामुळे नवशिक्यांना आखूड स्कीची पूर्वीइतकी गरज उरली नाही. दुसरीकडे, उड्या मारण्याची आणि उलटे घसरण्याची हौस असलेला तरुण वर्ग स्कीबोर्डकडे वळला होता तो मुख्यतः दोन्ही टोके वळलेली असल्यामुळे. १९९८ च्या सुमारास सालोमाँने आणि पाठोपाठ लाइन कंपनीने तशीच टोके पूर्ण लांबीच्या स्कीला दिली, तेव्हा तो वर्ग तिकडे निघून गेला. म्हणजे आखूड स्कीने दाखवलेल्या वाटेनेच लांब स्की पुढे गेली. आखूड स्कीचे हे श्रेय क्वचितच मान्य केले जाते, ते मान्य व्हायला हवे असे मला वाटते.

अलीकडे मात्र काही छोटे उत्पादक रुंद आणि सुटणारे बायंडिंग बसवता येणारे स्कीबोर्ड करू लागले आहेत, आणि ते जुन्या जोड्यांपेक्षा सर्वार्थाने सरस आहेत.

पायात घातल्यावर नेहमीच्या स्कीपेक्षा नेमका काय फरक जाणवतो?

पहिला फरक वळण्यात जाणवतो. लांब स्की वळवायची तर तिचे टोक आणि शेपूट या दोहोंचा जडपणा पायाला फिरवावा लागतो. आखूड स्कीला तो जवळजवळ नसल्यामुळे पाऊल फिरवले की स्की फिरते. कडेवर झुकून घेतलेल्या वळणाचा घेरही फार लहान असतो, त्यामुळे अरुंद उतारावरदेखील एकापाठोपाठ एक आटोपशीर वळणे घेता येतात. ज्यांनी चाकांचे स्केट्स वापरले आहेत त्यांना ही हालचाल ओळखीची वाटेल. उतारावर माणसांच्या ये-जाण्याने तयार झालेल्या उंचवट्यांमधून जाताना तर या स्की अतिशय सोयीच्या ठरतात, कारण दोन उंचवट्यांमधल्या खोलगट भागात लांब स्की अडकते आणि ही अडकत नाही.

दुसरा फरक तोलाचा असून तो तितकासा सुखद नाही. लांब स्कीवर माणूस किंचित मागे रेलला तरी मागची शेपूट त्याला सावरून धरते. आखूड स्कीवर टाचेच्या मागे आधार जेमतेम वीतभर किंवा थोडा अधिक असल्यामुळे मागे रेलणारा माणूस सरळ पाठीवर पडतो, आणि फार पुढे झुकणाऱ्याची टोके बर्फात रुततात. म्हणून गुडघे आणि घोटे किंचित वाकवून, शरीराचा भार तळपायाच्या मध्यावर ठेवूनच उभे राहावे लागते.

तिसरा फरक वेगाचा. सरळ उतारावर स्की सपाट ठेवून वेग वाढू दिला तर आखूड स्की डाव्या-उजव्या बाजूंना थरथरू लागतात आणि पाऊल आपोआप वळू पाहते. याचा उपाय म्हणजे स्की सपाट न ठेवता सतत हलक्या कलत्या कडेवर ठेवणे, म्हणजेच लहान-लहान वळणे घेत राहणे. ज्यांना वाऱ्याच्या वेगाने खाली जाण्यातच गोडी वाटते, त्यांनी या वाटेला न गेलेले बरे.

थांबायचे कसे?

दोन्ही स्की झटकन आडव्या करून, वरच्या बाजूच्या कडांवर भार टाकून थांबणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, आणि आखूड स्कीवर तो लांब स्कीपेक्षा लवकर साधतो. नवशिक्यांना शिकवली जाणारी पद्धत, म्हणजे पुढची टोके जवळ आणि मागची लांब ठेवून त्रिकोण करणे, इथेही चालते. परंतु बर्फाला घासणारी कड आखूड असल्यामुळे तिने वेग म्हणावा तितका कमी होत नाही. म्हणून केवळ त्रिकोणावर विसंबून तीव्र उतारावर जाऊ नये. आडवे होऊन थांबणे दोन्ही बाजूंना जमेपर्यंत सर्वांत सौम्य उतारावरच राहावे.

काठ्या लागतात का?

बहुतेक जण आखूड स्कीवर काठ्या घेत नाहीत आणि वळण्यासाठी त्यांची गरजही नसते. हात मोकळे राहिल्यामुळे शरीर सैल राहते, हा मोठा लाभ आहे. मात्र उताराच्या माथ्यावर नेणाऱ्या लिफ्टच्या रांगेतील सपाट भागात किंवा दोन उतारांना जोडणाऱ्या लांब वाटेवर काठ्यांविना पायांनीच ढकलत जावे लागते, आणि आखूड स्की एका ढकलण्यात फार अंतर कापत नाही. उतारांच्या नकाशावर अशा सपाट वाटा कुठे आहेत, हे आधी पाहून घ्यावे.

पायाचे हाड मोडण्याचा धोका आखूड स्कीवर अधिक असतो, हे खरे आहे का?

जुन्या पद्धतीच्या, पडल्यावर न सुटणाऱ्या बायंडिंगच्या बाबतीत हे खरे आहे आणि ते सविस्तर समजून घेणे आवश्यक आहे.

नेहमीच्या स्कीचे बायंडिंग केवळ बूट धरून ठेवण्यासाठी नसते. ठरावीक मर्यादेपलीकडे पीळ किंवा ओढ पडली की बूट सोडून देणे हे त्याचे तितकेच महत्त्वाचे काम असते. पुढचा भाग बुटाला बाजूने सुटू देतो आणि टाचेकडचा भाग वर उचलून सुटू देतो. स्नोब्लेडच्या लाटेत विकल्या गेलेल्या बहुसंख्य जोड्यांवर मात्र असे बायंडिंग नव्हते. पुढे तारेची कडी आणि मागे खटका, इतकीच त्याची रचना होती, आणि ते हाताने उघडल्याखेरीज निघत नसे. स्की आखूड असल्यामुळे पायावर येणारा पीळही कमी असणार, तेव्हा सुटण्याची सोय नसली तरी चालेल, असा त्यामागचा विचार होता.

हा विचार अर्धाच बरोबर होता. गुडघ्याच्या आतील पुढच्या अस्थिबंधाची इजा ही नेहमीच्या स्कीइंगमधील सर्वांत परिचित गंभीर दुखापत आहे. लांब स्कीची शेपूट तरफेसारखी वागून गुडघ्याला पीळ देते, हे तिचे एक प्रमुख कारण आहे. आखूड स्कीला तशी तरफ नसल्यामुळे ही इजा तिच्यावर तुलनेने कमी आढळली. उलट, नडगीच्या हाडाचे मोडणे अधिक प्रमाणात दिसले. स्की-स्थळांवरील दुखापतींच्या नोंदी अभ्यासणाऱ्या डॉक्टरांनी या दोन्ही गोष्टी नोंदवल्या आहेत. यामागचे कारण सरळ आहे. टोक बर्फात रुतून माणूस पुढे किंवा बाजूला फेकला जातो, स्की जागीच राहते, ताठ बूट स्कीला घट्ट धरून असतो आणि शरीराचे सारे वजन बुटाच्या वरच्या काठाशी नडगीवर येते. बायंडिंग सुटले तर हा भार हाडावर येण्याआधीच संपतो, आणि सुटले नाही तर तो हाडालाच सोसावा लागतो.

असा अपघात मोठ्या वेगानेच होतो असेही नाही. हळू चालीत, पाय अडकून पीळ बसत पडणेही पुरेसे असते. म्हणूनच “आम्ही फक्त हळूहळू फिरणार आहोत” हे न सुटणारे बायंडिंग घेण्याचे कारण होऊ शकत नाही.

सुटणारे बायंडिंग ओळखायचे कसे आणि दुकानात काय विचारायचे?

नेहमीच्या स्कीवर असते तसे, स्प्रिंगचा आकडा दाखवणारी छोटी खिडकी पुढे आणि मागे असलेले बायंडिंग दिसले, आणि बूट काढल्याबरोबर खाली येऊन बर्फात रुतणारे दोन्ही बाजूंचे ब्रेक दिसले, तर ते सुटणारे आहे असे समजावे. ब्रेकऐवजी पायाला बांधायचा पट्टा दिला जात असेल, तर ते बहुधा न सुटणारे असते. सुटलेली स्की उतारावरून एकटी निघाली तर खालच्या माणसाला इजा करू शकते. म्हणून ब्रेक किंवा पट्टा यांपैकी एक गोष्ट असलीच पाहिजे, असा स्की-स्थळांचा दंडक असतो.

स्प्रिंगचा आकडा स्वतः ठरवू नये. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्कीइंगचा अनुभव या पाच गोष्टी विचारूनच दुकानातील तंत्रज्ञ तो लावतो. यांपैकी काहीही न विचारता कोणी जोडी हातात ठेवली तर तिथेच थांबून विचारणा करावी. आपले वजन सांगताना संकोचाने चार किलो कमी सांगणे किंवा अनुभव वाढवून सांगणे, या दोन्ही गोष्टींनी आकडा चुकतो आणि त्याची किंमत पायाला मोजावी लागते.

काही स्कीबोर्डना कारखान्यातूनच चार भोकांची चौकट दिलेली असते आणि तिच्यावर पट्टी बसवून सुटणारे बायंडिंग लावता येते. अशा पट्टीमुळे पाय बर्फापासून काहीसा उंच जातो. रुंद स्की कडेवर झुकवायला त्याची मदतच होते, मात्र पहिल्या काही वळणांत हा फरक जाणवतो.

बूट कोणते घालावेत?

पायात नेहमीचे कठीण स्की-बूटच असावेत. त्यातही थोडे मऊ, नवशिक्यांना किंवा मध्यम पातळीच्या लोकांना देतात तसे बूट आखूड स्कीला अधिक मानवतात, कारण घोट्याची बारीक हालचाल मोकळी राहावी लागते. चालण्यास सोयीचे, रबरी वळणदार तळव्याचे बूट हल्ली सर्रास मिळतात. ते बायंडिंगशी जुळतात का, हे तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे, कारण तळव्याचा आकार जुळला नाही तर बायंडिंग वेळेवर सुटण्याची खात्री राहत नाही.

बर्फाच्या बुटांना किंवा साध्या बुटांना बांधायच्या चिमुकल्या स्कींबद्दल काय?

पावलाहून थोड्याच मोठ्या, पट्ट्यांनी बांधायच्या प्लास्टिकच्या स्की हा वेगळा प्रकार आहे. बागेतला उंचवटा, दाबलेल्या बर्फाची पायवाट किंवा मुलांच्या घसरगुंडीचा उतार इथे त्या चांगल्या रमवतात. त्यांना पोलादी कडा बहुधा नसतात, त्यामुळे गोठून टणक झालेल्या उतारावर त्या धरत नाहीत. काही स्की-स्थळांवर त्या लिफ्टवर नेण्यास मनाई असते, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी विचारून घ्यावे.

स्कीइंग अजिबात येत नसेल तर आखूड स्कीपासून सुरुवात करावी का?

करता येते. चालणे, वळणे, उतारावर आडवे चढणे, पडल्यावर उठणे आणि चेअरलिफ्टवरून उतरणे या नवशिक्याला छळणाऱ्या सर्व गोष्टी आखूड स्कीवर सोप्या होतात. ज्यांची भीती मुख्यतः पायाला जडलेल्या लांब फळ्यांची असते, त्यांना तर याचा फारच उपयोग होतो. एका सुट्टीपुरतेच बर्फावर जाणाऱ्या आणि पुढे हा खेळ चालवण्याचा विचार नसलेल्या प्रौढांना मी निःसंकोचपणे हाच मार्ग सुचवतो, अर्थात सुटणाऱ्या बायंडिंगच्या अटीवर आणि प्रशिक्षकाच्या सोबतीने.

ज्यांना पुढे नियमित स्कीइंग शिकायचे आहे त्यांचे गणित वेगळे आहे. आखूड स्की पाऊल फिरवून वळते, तर लांब स्की कडेवर भार देऊन तिला तिच्या वक्रतेवर सोडावी लागते. पहिली सवय पक्की झाली की दुसरी जडायला वेळ लागतो. आजच्या नवशिक्यांच्या स्की मुळातच पूर्वीपेक्षा बऱ्याच आखूड आणि वळायला सोप्या आहेत. म्हणून अशांनी थेट त्यांवरच शिकावे आणि आखूड जोडी एखाद्या दुपारच्या मौजेसाठी ठेवावी.

किती लांबीची जोडी निवडावी?

वजन ही इथली मुख्य कसोटी आहे, उंची दुय्यम. ६० किलोपर्यंतच्या व्यक्तीला ९० सेंटिमीटर पुरतात, तर ८०-९० किलोच्या व्यक्तीला ११० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक लांबी आणि रुंद मध्यभाग असलेली जोडी स्थिर वाटते. ७५ सेंटिमीटरच्या आसपासच्या जोड्या दिसायला गमतीदार असतात, पण त्यांवर पुढे-मागे तोल सांभाळणे इतके कठीण असते की पहिल्यांदा त्या घेऊ नयेत. दोन लांबींमध्ये निवड करायची झाल्यास मोठी घ्यावी.

कोणता उतार आणि कोणता बर्फ चांगला?

यंत्राने दाबून सारखा केलेला सौम्य उतार सर्वांत उत्तम. युरोपात अशा उतारांना निळी खूण असते, तर उत्तर अमेरिकेत सर्वांत सोप्या उताराला हिरवे वर्तुळ असते आणि निळा चौकोन त्याच्या वरच्या पातळीचा असतो. युरोपातून अमेरिकेत गेलेल्या माणसाने हा फरक ध्यानात ठेवावा. मार्च-एप्रिलमध्ये दुपारच्या उन्हाने मऊ झालेला बर्फ आखूड स्कीला फार मानवतो.

नुकत्याच पडलेल्या खोल, भुसभुशीत बर्फात मात्र त्या निरुपयोगी ठरतात. स्कीचा पृष्ठभाग लहान असल्यामुळे शरीराचे वजन थोड्या जागेवर येते, टोके बुडतात आणि माणूस पुढे कोसळतो. रात्रभर गोठून काचेसारखा झालेला सकाळचा उतारही टाळावा, कारण धरून ठेवायला कड पुरेशी लांब नसते. आखलेल्या उतारांच्या बाहेर तर या स्की घेऊन जाऊच नये. तिथे हिमस्खलनाचा धोका असतो, शिवाय अशा बर्फात त्यांवरून वेगाने बाहेर पडताही येत नाही.

गुलमर्ग, सोलंग किंवा औलीला आखूड स्की वापरता येतील का?

महाराष्ट्रातून काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडच्या सहलींना जाणाऱ्यांकडून हा प्रश्न नेहमी येतो. गुलमर्गची जगभर ख्याती आहे ती गोंडोला या रोपवेच्या दुसऱ्या टप्प्यावरून, अफरवट पर्वताच्या अंगाखांद्यावर पसरलेल्या खोल आणि न दाबलेल्या बर्फासाठी. आखूड स्कीला नेमका तोच बर्फ चालत नाही. त्यामुळे गुलमर्गला गेल्यास खालच्या मैदानालगतचे नवशिक्यांचे उतार तेवढे त्यांच्या कामाचे आहेत. सोलंगच्या उतारांवर आणि औलीच्या खालच्या, सौम्य भागात त्या चालू शकतात. मात्र या तिन्ही ठिकाणी भाड्याने मिळणाऱ्या जोड्या मुख्यतः नेहमीच्या स्कीच्या असतात, तेव्हा आखूड जोडी मिळेलच असे धरून जाऊ नये. मनालीच्या वाटेवर भाड्याने मिळणारे गमबूट बर्फात चालण्यासाठी ठीक असतात, परंतु ते कोणत्याही स्कीला अडकवू देऊ नयेत.

खरोखर शिकायचे असेल तर गुलमर्ग येथील भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था आणि मनाली येथील अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण व संलग्न क्रीडा संस्था यांचे अभ्यासक्रम अधिक हिताचे आहेत. तासाभराच्या हौसेपेक्षा तिथे शिस्तीने शिकवले जाते.

दुबईतील बंदिस्त उतारावर कसे जमेल?

स्की दुबई हे केंद्र २००५ मध्ये सुरू झाले असून तिथला सर्वांत लांब उतार ४०० मीटरचा आहे. लहान उतार, सारखा केलेला बर्फ आणि मर्यादित वेग ही परिस्थिती आखूड स्कीला तत्त्वतः अनुकूल आहे. तिथे किंवा अन्य बंदिस्त उतारांवर स्वतःची जोडी नेण्यापूर्वी ती चालते का, हे विचारून घ्यावे.

मुलांना आखूड स्की द्याव्यात का?

लहान मुलांना त्यांच्या वजनासाठी केलेली मुलांचीच स्की द्यावी, ती आपोआपच आखूड असते. बारा-तेरा वर्षांपुढील आणि नेहमीचे स्कीइंग येणाऱ्या मुलांना आखूड जोडी फार आवडते आणि त्यांचा तोलही त्यामुळे सुधारतो. त्यांना उड्या मारण्याचा मोह होतो, तेव्हा हेल्मेट असल्याशिवाय आणि उतरण्याची जागा स्वतः पाहिल्याशिवाय उडी मारायची नाही, हे घरूनच ठरवून निघावे. पुढे असलेल्या माणसाचा हक्क आधी आणि मागून येणाऱ्याने वाट बदलायची, हा आंतरराष्ट्रीय स्की व स्नोबोर्ड महासंघाच्या आचारनियमांतील नियमही त्यांना समजावून सांगावा. आखूड स्कीवर माणूस एकाएकी दिशा बदलतो आणि मागच्याला त्याचा अंदाज येत नाही, म्हणून वळण्यापूर्वी वर नजर टाकण्याची सवय इथे अधिकच मोलाची आहे.

प्रवास-विम्यात हे धरले जाते का?

अनेक प्रवास-विमा पॉलिसींमध्ये हिवाळी खेळ मूळ संरक्षणातून वगळलेले असतात आणि वेगळी रक्कम भरून जोडावे लागतात. डोंगरावरून स्ट्रेचरने किंवा हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च युरोपात आणि अमेरिकेत मोठा असतो, म्हणून बचावकार्याचा खर्च त्यात आहे का, हे शब्दशः वाचून घ्यावे.

भाड्याने घ्यावी, नवी घ्यावी की जुनी विकत घ्यावी?

वर्षातून एकदोनदा जाणाऱ्याने भाड्यानेच घ्यावी. दर हंगामात जाणाऱ्याला नवी जोडी परवडते, आणि तिचा एक फायदा असा की ती साध्या पिशवीत मावते व विमानात लांब सामानाची अडचण येत नाही. देखभाल नेहमीच्या स्कीसारखीच आहे : वापरानंतर कडा पुसून कोरड्या करणे, गंज दिसल्यास बारीक दगडाने काढणे, तळाला अधूनमधून मेण लावणे आणि हंगाम संपल्यावर जोडी कोरड्या जागी ठेवणे.

जुन्या जोड्यांचा मोह मात्र आवरावा. १९९० च्या दशकातील स्नोब्लेड अगदी स्वस्तात मिळतात आणि फळी चांगली राहिलेलीही असते. पण तिच्यावरचे बायंडिंग बहुतेक वेळा न सुटणारे असते, आणि सुटणारे असले तरी इतक्या वर्षांत त्याचे प्लास्टिक ठिसूळ व स्प्रिंग बेभरवशाची झालेली असते. उत्पादकांच्या मान्य यादीतून बाहेर पडलेले बायंडिंग तपासून देण्यास अनेक दुकाने नकार देतात. जुनी फळी आवडलीच, तर तिच्यावर नवे सुटणारे बायंडिंग बसवण्याइतकी जागा आणि जाडी आहे का, हे तंत्रज्ञाला आधी दाखवावे. त्याने होकार दिला तर त्या बायंडिंगच्या खर्चासह हिशेब करावा. तो खर्च धरल्यावर नव्या जोडीच्या किमतीत फारसा फरक उरत नाही, असे बहुधा आढळते.